व्हिंटेज स्टोरी: काचेखालचे पाच अंश

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममधली काचघरं दिसायला फार देखणी असतात. वाळू भट्टीत घातली की काच मिळते, छत टाकायला एक संध्याकाळ पुरते, आणि आतल्या गव्हाला त्या छताने काडीचाही फरक पडत नाही. तिथल्या गव्हाला वाढायला उजेडाची पातळी 9 किंवा त्याहून जास्त लागते. चार ठोकळ्यांच्या आत पाणी असलं की माती ओली राहते. बाहेर बर्फ असो की वाळवंट, पीक तसंच येतं. बर्फाळ भागात उघडं पाणी गोठतं, तेवढ्यापुरता छताचा उपयोग. बाकी काचघर म्हणजे सजावट.

माझं रोजचं काम पॉलीहाऊसचं, म्हणजे प्लास्टिकच्या पेपरने झाकलेल्या शेतीघरांचं आहे. जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यात जरबेरा, गुलाब आणि ढोबळी मिरची करणाऱ्या शेतकऱ्यांकडे मी सल्ल्यासाठी जाते. दिवसभर तापमान, दमटपणा आणि ड्रिपचं पाणी यांच्याशी झटापट केल्यावर रात्री गेममध्ये तरी काचघराने काचघरासारखं वागावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. व्हिंटेज स्टोरी हा दुसरा गेम मला भाच्याने दाखवला. "आत्या, यात हिवाळ्यात पीक मरतं," एवढंच तो म्हणाला, आणि मला तेवढं पुरलं.

हा गेम आनेगो स्टुडिओज या छोट्या कंपनीचा. टायरॉन मॅडलेनर याने आधी माइनक्राफ्टसाठी व्हिंटेजक्राफ्ट नावाचा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करणारी जोड, केला होता. त्यातून पुढे हा स्वतंत्र गेम उभा राहिला आणि 2016 पासून तो लोकांच्या हातात आहे. कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर तो विकते. पैसे एकदाच भरायचे, आत दुकान नाही, नाणी नाहीत, जाहिराती नाहीत. ठोकळे तेच, पण जगण्याचा वेग अगदी वेगळा. पहिलं हत्यार चकमकीचा दगड टवके काढून घडवायचं. मडकं करायचं तर माती कण कण रचून आकार द्यायचा, मग खड्ड्यात गवत-लाकडं घालून भाजायचं. तांबं, मग कांसं, मग लोखंड. प्रत्येक पायरीवर हात काळे होतात. ज्यांना अर्ध्या तासात हिऱ्याचं चिलखत हवं आहे त्यांनी इकडे वळूच नये.

शेतीकडे येते, कारण हे सगळं लिहायचं कारण तेच आहे.

नांगरलेल्या ठोकळ्याकडे बघितलं की पडद्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे आकडे दिसतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. शलगम नत्र ओढतो, कांदा स्फुरद ओढतो, जवस पालाश ओढतं. एकाच ठोकळ्यात जवसामागून जवस घेत राहिलात तर पालाश तळाला जातो आणि वाढ रेंगाळते. म्हणजे फेरपालट आलीच. ठोकळा पडीक ठेवला तर जमीन हळूहळू सावरते. घाई असेल तर हाडांचा चुरा, सोरा, पोटॅश किंवा कंपोस्ट घाला. मातीच्याही प्रती आहेत. हलक्या मातीची कमाल सुपीकता 25 टक्के, मध्यम मातीची 50, त्यावरच्या मातीची 65, आणि टेरा प्रेटाची 80. टेरा प्रेटा म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या जुन्या रहिवाशांनी कोळसा, हाडं आणि खरकटं मिसळून पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली काळी माती. तिला गेममध्ये स्थान देणारा माणूस शेतीबद्दल वाचून बसलेला आहे, हे लगेच कळतं.

चांगली माती खणून दुसरीकडे नेता येते. आमच्याकडे पॉलीहाऊस उभं करताना डंपरने लाल माती आणतात, तिच्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळून गादीवाफे भरतात. गेममध्ये दूरच्या टेकडीवरची सुपीक माती टोपल्यांतून वाहून आणताना मला ते काम ओळखीचं वाटलं, आणि त्यात वेळ घालवल्याचं काहीच वाटलं नाही.

आता काचघर.

नियम साधे आहेत आणि पक्के आहेत. जागा चहूबाजूंनी बंद हवी: भिंती, जमीन, छत, कुठेही भोक नको. आतली मोकळी जागा लांबी, रुंदी आणि उंची यांपैकी कुठल्याही बाजूने 14 ठोकळ्यांच्या वर जाता कामा नये. छताच्या निम्म्याहून अधिक भागातून आभाळाचा उजेड आत यायला हवा. हे जमलं की आतल्या पिकांना बाहेरच्यापेक्षा 5 अंश सेल्सिअस जास्त तापमान मिळतं. बेरीची झुडपं, फळझाडं आणि मधमाश्यांच्या टोपल्या यांनाही तोच लाभ. जमलंय की नाही हे तपासायला नांगरलेल्या ठोकळ्याकडे बघायचं. काचघराचे 5 अंश मिळत असतील तर तसं तिथे लिहिलेलं दिसतं. नसेल दिसत तर कुठेतरी फट आहे, शोधा.

मला ही तपासणी फार आवडते. गेम काही झाकून ठेवत नाही. एक ठोकळा काढा, ती ओळ गायब. परत बसवा, ओळ हजर. मुलांना विज्ञान शिकवायचं तर असं शिकवावं.

छताचा हिशेब नीट केला तर काच पुष्कळ वाचते. 14 गुणिले 14 म्हणजे 196 ठोकळ्यांचं छत. निम्म्याहून जास्त म्हणजे 99 ठोकळे काचेचे, उरलेले 97 लाकडाचे चालतील. काच या गेममध्ये स्वस्त नाही, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा. गारगोटी खणून आणायची, लोखंड वितळवतात त्याच भट्टीत तापवायची. ती भट्टी आगमातीच्या विटांची, आणि तिला लागतो लोणारी कोळसा. कोळशासाठी खड्ड्यात लाकडं रचायची, पेटवायची, वरून झाकायची आणि वाट बघायची. म्हणजे काचघराची खरी सुरुवात जंगलात कुऱ्हाड घेऊन होते. गारगोटीच्या शिरेत कधी सोनं, कधी चांदी सापडते, ती वेगळी खुशी. सगळं मिळून काचघर ही पहिल्या उन्हाळ्यात उरकायची गोष्ट राहत नाही. तुमची वस्ती लोखंडाच्या उंबरठ्यावर आली की मग ते बांधायचं. हा क्रम मला योग्य वाटतो. काच ही माणसाच्या इतिहासातही भट्टीच्या मागोमाग आलेली गोष्ट आहे.

पाण्याची मांडणी तर इतकी सुबक बसते की ती ठरवून केली असावी. पाण्याला लागून असलेल्या ठोकळ्याची ओल किमान 75 टक्के राहते, दुसऱ्या रांगेत 50, तिसऱ्या रांगेत 25, त्यापुढे काही नाही. म्हणजे मधोमध पाणी ठेवलं तर 7 गुणिले 7 चा चौकोन भिजतो. 14 गुणिले 14 च्या घरात असे चार चौकोन तंतोतंत बसतात: चार पाण्याचे ठोकळे, 192 पिकाचे. पण कडेच्या रांगांना 25 टक्केच ओल मिळते, आणि ओल कमी तर वाढ कमी. छताखाली पाऊस येत नाही, तेव्हा बाहेरच्या शेतासारखी ती आपोआप भरूनही निघत नाही. मातीची झारी घेऊन कडेच्या रांगांना फेरी मारावीच लागते. खऱ्या पॉलीहाऊसमध्येही पावसाचा थेंब आत येत नाही, प्रत्येक थेंब आपणच द्यायचा असतो. म्हणूनच तिथे ड्रिप नसेल तर काही खरं नाही. त्या 192 ठोकळ्यांपेक्षा मी आतल्या दोन रांगांपुरतीच लागवड ठेवते आणि कडेला चालायला वाट सोडते. पीक थोडं कमी, पण सगळं एकसारखं येतं. वाफसा टिकला पाहिजे, बाकी आकडे नंतर.

पाच अंश म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न भाच्याने मला विचारला, आणि उत्तर देताना मलाही गेमची नजर कळली. जवस उणे 5 अंशांपर्यंत तग धरतं. काचेखाली ते बाहेरच्या उणे 10 पर्यंत टिकेल. गाजर त्याहून चिवट. कुठल्या पिकाला किती थंडी नि किती ऊन चालतं ते हँडबुकमध्ये, एच दाबलं की, लिहिलेलं आहे. थंडी हद्दीखाली गेली की पीक आधी मार खातं, उत्पन्न घटतं, आणि थंडी लांबली तर पीक मरतं. डोक्यात कोण्या परीकथेतलं हिवाळ्यातलं हिरवंगार काचघर असेल तर ते काढून टाका. कडाक्याच्या हिवाळ्यात पाच अंशांनी काही होत नाही. पाच अंशांनी होतं ते एवढंच की वसंतात पेरणी लवकर करता येते आणि शरदात काढणी उशिरापर्यंत लांबवता येते. गेममध्ये महिना 9 दिवसांचा आहे आणि वर्ष 108 दिवसांचं. अशा वर्षात दोन्ही टोकांना थोडे थोडे दिवस मिळाले तर जवसाचं आणखी एक पीक पदरात पडतं.

आणि जवस म्हणजे या गेममधलं खरं धन. त्याच्या धाग्याचं कापड होतं, कापडाचं पवनचक्कीचं शीड होतं, पवनचक्कीवर जातं आणि घण चालतात. माझं काचघर मी अन्नासाठी बांधलेलंच नाही. अन्नासाठी तळघर आहे: 7 गुणिले 7 गुणिले 7 च्या आत, जाड भिंतींचं, अंधारं. धान्य टिकतं, चरबी किंवा मेणाने तोंड बंद केलेल्या बरण्यांतला रस्सा टिकतो, हिवाळा निघून जातो. काचघर आहे कापडासाठी. ज्यांना काचघराशिवाय भागतं त्यांचं खुशाल भागू दे, गेम कोणावर सक्ती करत नाही. पण शेवटी पवनचक्की फिरताना बघायची असेल तर काचेत गुंतवलेले कष्ट वसूल होतात.

इथवर कौतुक. आता जिथे मला या गेमशी वाद घालावासा वाटतो तिथे येते.

काचघर तापतं कसं? सूर्याचा उजेड काचेतून आत येतो, माती आणि पानं तो शोषून गरम होतात, त्यांच्यामुळे आतली हवा गरम होते आणि छतामुळे ती वर उडून जाऊ शकत नाही. म्हणजे कमाई दिवसाची असते. निरभ्र थंडीच्या रात्री, हीटर नसलेल्या साध्या पॉलीहाऊसमध्ये पहाटे चारला आतलं आणि बाहेरचं तापमान जवळजवळ सारखं झालेलं असतं. गेममध्ये मात्र ते 5 अंश चोवीस तास तसेच. दुपारी बाराला पाच, रात्री तीनला पाच. ढगाळ दिवशी पाच. घर 3 गुणिले 3 चं असो की 14 गुणिले 14 चं, पाच. काचेचं छत 99 ठोकळ्यांचं असो की 196 चं, पाच. नियम सोपा ठेवायचा म्हणून असं केलं असणार, हे मला समजतं. तरीही ज्या गेमने मातीतला पालाश मोजायचं मनावर घेतलं त्याच्याकडून मी रात्रीचा विचारही मागते. दिवसा 8 आणि रात्री 2 असं असतं तरी कोणाला समजायला जड गेलं नसतं. पाण्याचे पिंप आत ठेवून रात्रीची ऊब थोडी धरून ठेवायची युक्ती थंड देशांतले शेतकरी करतात. गेममध्ये पिंपं आहेत, पाणी आहे, फक्त त्यांची एकमेकांशी ओळख करून दिलेली नाही.

याहून मोठी उणीव हवेची आहे. गेमचं काचघर थंड देशाच्या माणसाने थंड देशासाठी कल्पिलेलं आहे. त्याचा सगळा प्रश्न ऊब कशी मिळवायची हा. महाराष्ट्रात पॉलीहाऊसचा प्रश्न वर्षातले बहुतेक महिने उलटा असतो: आतली गरमी बाहेर कशी काढायची. म्हणून आमच्याकडे छताला वरून कायमची फट असते, बाजूला गुंडाळता येणारे पडदे असतात, 200 मायक्रॉनच्या पेपरखाली शेडनेट ताणलेली असते आणि दुपारी बारीक धुकं फवारणारे फॉगर चालतात. एप्रिलमध्ये पडदे खाली ठेवून घरी गेलात तर संध्याकाळी जरबेऱ्याची माना टाकलेली रांग बघायला मिळते. गेममध्ये हे पाच अंश उन्हाळ्यातही चढतातच. शलगमासारख्या थंड हवेच्या पिकाला उष्णतेचीही हद्द आहे, आणि गरम प्रदेशात वस्ती केली असेल तर काचेखाली ती हद्द लवकर ओलांडली जाते. उपाय एकच: छतातला किंवा भिंतीतला ठोकळा काढायचा, म्हणजे काचघर काचघर राहत नाही आणि पाच अंश जातात. पुन्हा थंडी आली की ठोकळा परत. ही आमच्या पडद्यांचीच कसरत झाली, फक्त सगळं किंवा काहीच नाही अशी. अर्धा पडदा उघडणं नाही. मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला छताचे दोन कोपरे उघडून ठेवते. काम होतं. पण एक झडप, एखादी दोरी, उघडी-अर्धी-बंद अशा तीन अवस्था, एवढं दिलं असतं तर गरम मुलखातल्या खेळाडूंसाठी हे काचघर खऱ्या अर्थाने पूर्ण झालं असतं. दमटपणाही नाही, त्यामुळे भुरीही नाही, करपाही नाही. रोग नसल्याचं मात्र मला दुःख नाही. ते दिवसभर पुरेसे बघते.

फळझाडांबद्दल थोडं. गेममध्ये सफरचंद, नासपती, पीच, चेरी आहेत, तसेच संत्रं, डाळिंब, लिची आणि आंबाही आहे. आंबा उबदार मुलखात सापडतो. भाच्याची फार इच्छा होती की आमच्या थंड वस्तीत काचेखाली आंबा लावावा. त्याला मी गेममध्येच दक्षिणेकडे प्रवासाला नेलं. जग विषुववृत्त आणि ध्रुव धरून आखलेलं आहे, त्यामुळे दक्षिणेला चालत गेलात की हवा खरोखर बदलत जाते, झाडं बदलतात, गवत बदलतं. हा प्रवास काचघराइतकाच सुंदर आहे आणि त्याच्याशी जोडलेला आहे. काचघर म्हणजे अक्षांशाशी केलेली पाच अंशांची घासाघीस, आणि अक्षांश किती लांब-रुंद आहे हे पायी चालल्याशिवाय कळत नाही.

मधमाश्यांच्या टोपल्या आत ठेवायला मी सांगेन, जवळपास फुलं लावून. मेण बरण्यांच्या तोंडाला लागतंच.

खेळताना शेतीशिवाय जे येतं त्याविषयी फार लिहीत नाही. रात्री आणि गुहांत ड्रिफ्टर नावाचे प्राणी येतात, अधूनमधून टेम्पोरल स्टॉर्म येतं आणि तेव्हा ते घराच्या आतही उगवू शकतात. ज्यांना ही धास्ती नको त्यांनी जग सुरू करतानाच सेटिंगमध्ये वादळं बंद करावीत. गेम त्याला परवानगी देतो आणि त्यात कमीपणा काही नाही. आम्ही दोघं खेळतो त्या जगात ती बंद आहेत. आमचं जग शेतीचं आहे.

मॉडही पुष्कळ आहेत, गेमच्या आतूनच ते शोधता नि बसवता येतात. सुरुवातीला एकही घेऊ नका. आधी मूळ नियमांनी एक पूर्ण वर्ष काढा. एक दिवस खऱ्या घड्याळात 48 मिनिटांचा, म्हणजे तीन महिन्यांचा हिवाळा न झोपता काढला तर सुमारे साडेएकवीस तासांचा होतो. तो हिवाळा एकदा विनाकाच भोगलात की काचेच्या प्रत्येक ठोकळ्याची किंमत कळते. जुना संगणक असेल तर दृश्याचं अंतर कमी ठेवा, नाहीतर पंखा ओरडतो.

कोणासाठी आहे हा गेम? ज्याला मोजायला आवडतं त्याच्यासाठी. कृषी महाविद्यालयातल्या मुलामुलींना मी तो हमखास सुचवेन. नत्र-स्फुरद-पालाशाचा तक्ता पाठ करण्यापेक्षा चार ठोकळ्यांत फेरपालट करून बघितली तर ती जन्मभर लक्षात राहील. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना एकट्याने जड जाईल, कोणीतरी मोठं शेजारी बसायला हवं. आणि ज्यांनी प्रत्यक्षात पॉलीहाऊस केलं आहे, कर्ज काढून, अनुदानाच्या फायली हलवून, पेपर वाऱ्याने फाटताना बघून, त्यांना इथे वादळात छत उडत नाही एवढ्यानेही बरं वाटेल.

जागा निवडताना एक सांगते. काचघर घराला चिकटून बांधू नका, शेजारी स्वतंत्र बांधा. एकाच भिंतीत दार ठेवलं आणि मधली भिंत चुकून उघडी राहिली तर दोन्ही खोल्या मिळून 14 च्या वर जातात आणि लाभ तुटतो. जवळ तळं किंवा ओढा असलेली सपाट जागा बघा, म्हणजे झारी भरायला लांब जावं लागत नाही. वर मोठ्या झाडाची सावली नको, छताला उघडं आभाळ दिसलं पाहिजे. उंची तीन ठोकळे पुरते, फळझाडं लावायची असतील तर जास्त ठेवा. पाया खणायला घेण्याआधी काच मोजून पेटीत टाका. शरदात अर्धं छत झालेलं असताना गारगोटी संपली तर ते वर्ष गेलंच.